एक स्क्रू लांब

"कुठल्या गाढवाने हात लावलाय याला?" डोळ्यावरचं भिंग न काढताच घड्याळजी ओरडले. "दुसऱ्याच घड्याळाचा स्क्रू कोंबलाय. केसभर लांब आहे. खाली चाकाला घासतोय, म्हणून अडतंय."

काउंटरपलीकडच्या बाई पुढे वाकल्या. वडील जाऊन महिना झाला होता. त्यांचं चावीचं जुनं मनगटी घड्याळ आता बाईंना स्वतःला घालायचं होतं.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं हा घड्याळजींचा लाडका छंद. गावात चांगला कारागीर एकच, आणि तो कोण, हे ते कुणाला विचारायला जात नसत. पण हा प्रताप कुणाचा, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दुरुस्ती झाली की कारागीर मागच्या झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतात. त्यांनी झाकण दिव्याखाली तिरकं धरलं. एकच खूण होती. त्रिकोण, त्यात टिंब. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची.

घड्याळजींनी झाकण आणखी जवळ धरलं. खूण त्यांचीच होती. धंद्याचं पहिलं वर्ष. मूळ स्क्रू चिमट्यातून उडाला असणार आणि गिऱ्हाईक समोर उभं असणार. बाईंना यातलं काही कळणार नव्हतं. झाकण लावलं की विषय संपला.

पण एक गोष्ट त्यांना गप्प बसू देईना. "मग इतकी वर्षं हे चाललं कसं?"

"टिचकी मारून!" बाई हसल्या. "जेवताना, बोलताना, बाबांची टिचकी चालूच. आई वैतागायची, अहो, दाखवा तरी कुणाला. तर म्हणायचे, जिन्याखाली टेबल टाकून बसलेला तो माणूस नवीन आहे. त्याला परत दाखवलं तर खट्टू होईल. दुसऱ्याकडे नेलं तर तो याला चारचौघांत नावं ठेवेल. बिचाऱ्याचा जम तरी बसू दे. पुढे आम्ही घर बदललं आणि ते राहूनच गेलं."

घड्याळजींनी भिंग काढलं. आजवर त्यांनी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. ती कशी करतात, तेही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

"तो जिन्याखालचा मीच," ते म्हणाले. "ते गाढव."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरची घड्याळं पाहिली, काचेचं कपाट पाहिलं, दारावरच्या पाटीकडेही मान वळवून पाहिलं.

"म्हणजे बसला की जम," त्या म्हणाल्या. "बाबांना कळायला हवं होतं."

घड्याळजींना फार लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. स्क्रू काढायला ते पुन्हा भिंग लावून वाकले. पण काच आतून धुरकटली होती, काही दिसेना. ते तसेच थांबले. बाईंनीही घाई केली नाही.