चंपतरावांची सुरुवात

चंपतरावांना एक खोड होती. वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणायचे, "काल कुठं थांबलो होतो गा? शेवटचं वाक्य वाच." त्यानं वाचलं की त्याला जोडून पुढच्या नोट्स सुरू. नागपूरच्या त्या कॉलेजात टेम्पररी म्हणून शिकवताना त्यांची गाडी कायम अशी धक्क्यावरच सुरू होत आली.

शहात्तर साली एक जागा कायम होणार असं ठरलं. उमेदवार दोन: चंपतराव आणि काटोलचे रुपराव. निवड समितीसमोर दोघांनी एकाच विषयावर पाठ द्यायचा होता, डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम आणि आरएनए बनवणारं एन्झाइम यांतला फरक. विषय तोंडपाठ. जागा आपलीच, असं चंपतरावांनी बायकोला, गोपिकाबाईंना, सांगूनही टाकलं.

प्राचार्य म्हणाले, "करा सुरू."

फळा कोरा, आणि कालचं वाक्य वाचायला कोणी नाही. शेवटी चंपतरावांच्या तोंडून गेलंच, "मागचं वाक्य कोणी वाचता का?"

समिती खो खो हसली. चंपतरावांना स्वतःचाच असा राग आला की वाचा फुटली.

"साहेब, डीएनएवालं एन्झाइम माझ्यासारखं असतं. त्याला शून्यातून सुरुवात जमत नाही. आधी कोणी छोटा तुकडा, प्रायमर, मांडून द्यावा लागतो, मग ते पुढे जोडत जातं. चुकीचं अक्षर लागलं तर मागं फिरून खोडतं. आरएनएवालं बिनधास्त! प्रायमर नको, आपलं आपण सुरू होतं, हवा तेवढाच भाग उतरवतं. चुकाही जास्त करतं."

पण आपणच लिहिलेलं पुसत, पुन्हा लिहीत बसल्यानं त्यांची वेळ अर्ध्यातच संपली.

रुपराव तर प्राचार्यांनी 'करा सुरू' म्हणायच्या आतच सुरू झाले. आरएनएत युरॅसिल हवं तिथं चुकून डीएनएतलं थायमिन लिहून मोकळे झाले, आणि मागं न बघता वेळेत विषय संपवला. दाराच्या फटीतून डोकावणाऱ्या चंपतरावांना गुदगुल्या झाल्या.

जागा रुपरावांना मिळाली.

घरी सारं ऐकून गोपिकाबाई भडकल्या, "चूक करूनही त्यालेच देली? काहून?"

"आरएनएतल्या चुका खपतात वं. वापरून झाला की पेशी त्याले मोडून टाकते. डीएनए जन्मभर ठेवायचा असते, म्हणून तिथं एवढी तपासणी."

"मंग रुपरावले कधी मोडतात?"

"तो रिटायर होतपर्यंत राहते," चंपतराव चप्पल काढत म्हणाले. "टेम्पररी तं मी; एप्रिलात मलेच मोडून राहिले."