मागच्या भिंतीतलं भोक

महेंद्र मिस्त्रीला सकाळपासून चैन नव्हतं. दहाला बदलापूर गावातल्या, त्यानं डागडुजी केलेल्या जुन्या वाचनालयाचं पुन्हा उद्घाटन, आणि हा बाबा पुढून मागे, मागून पुढे नुसत्या चकरा मारतोय! भिंतीवर हात फिरव, गोणपाटावर पाणी मार. गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुना घाईला बधत नाही, कित्येक दिवस ओला ठेवावा लागतो. मागच्या भिंतीवरचा एक तुकडा तर परवाचाच.

खरी धाकधूक आईची होती. ऐंशी वर्षांची जनाबाई उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून रिक्षानं येणार होती. "माझा बा, सोमा गवंडी, रोज त्या वाचनालयात पेपर ऐकायचा," हे तिनं महेंद्रला हजारदा सांगितलेलं. त्यानंही सहा महिने साइटवर मिरवलं, माझा आजा इथं बसायचा म्हणून! आता काम आईच्या पसंतीला उतरलं नाही तर?

रिक्षा आली. नव्या रंगाच्या दाराकडे जनाबाईनं बघितलंसुद्धा नाही. काठी टेकत सरळ मागे गेली, गोणपाट बाजूला सारला आणि भिंत चाचपू लागली.

"मह्या, भोक कुठंय?"

"कसलं भोक?"

"बाचं! ही भिंत पडली तेव्हा त्यानंच बांधली, बाहेर उभं राहून. आत कोण पाय ठेवू देत होतं आपल्याला? म्हणून दोन विटांची जागा सोडली, मुद्दाम. आत वाचनालयातले विष्णुपंत मोठ्यानं पेपर वाचायचे, आणि बा इथं कान लावून उभा. मी त्याच्या खांद्यावर."

"पण तू तर म्हणायचीस, वाचनालयात..."

"मग काय म्हणू? पोराला सांगायची गोष्ट आहे का ती?"

महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूळ नकाशात नाही, कुणीतरी नंतर पाडलंय, बुजव, असं आर्किटेक्ट यज्ञेश साहेबांनी परवा सांगितलं होतं. त्यानं इतकं सफाईनं बुजवलं, की साहेबांनी पाठ थोपटली.

"आई, मीच बुजवलं गं."

तिचा हात ओल्या चुन्यावर तसाच राहिला. महेंद्रनं थैलीतून छिन्नी-हातोडा काढला, तसे यज्ञेश साहेब धावत आले. "अरे वेडा झालास का? पाहुणे येतायत! नकाशात नाहीये ते!"

"मग आता नकाशात टाका, साहेब. माझ्या आज्याच्या हातचं आहे." त्यानं छिन्नी भिंतीला लावली.

जनाबाईनं त्याचं मनगट धरलं. "इथनं नको. आत जाऊन फोड."

तो आत गेला. चुना कच्चाच होता, चार घावांत विटा निसटल्या. आई दिसेल म्हणून त्यानं वाकून भोकातून बाहेर बघितलं, तर तिथं कुणीच नव्हतं. जनाबाई आत, त्याच्या पाठीमागे, पाहुण्यांसाठी मांडलेल्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली होती.