सहा प्रिंटर आणि एक न वाचलेली नोंद

मी एक जुना संगणक आहे. हसू नका, मित्रांनो! मला ना पडदा, ना कळफलक. जेमतेम तळहाताएवढा जीव. पण अंगात लिनक्स प्रणाली आहे, आणि एके काळी सहा-सहा प्रिंटर मी एकट्याने सांभाळले आहेत.

मला बनवलं कारखान्याने, शहाणं केलं ते ताईने. ती एका औषधांच्या दुकानातले संगणक बघायची. मागच्या खोलीत सहा टेबलं होती आणि प्रत्येकावर बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापणारा एक प्रिंटर. सहाही अगदी हुबेहूब. नाव विचारलं तरी सगळे एकच सांगायचे. मग ओळखायचं कसं? ताईने युक्ती काढली. कोणाची वायर माझ्या कोणत्या खाचेत आहे, त्यावरून मी टेबल ओळखायचो. लहान मुलांची औषधं तिसऱ्या टेबलावर. चार वर्षं एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही! बाटल्या भरणाऱ्या मावशी म्हणायच्या, "एवढंसं आहे, पण कामाला वाघ!" ताई घरी जाताना माझ्यावरची धूळ फुंकायची. ते मला फार आवडायचं.

मग एका सकाळी सफाईवाल्या काकांनी अगदी मनापासून सफाई केली. सगळ्या वायरी उपटल्या, पुसल्या आणि आखूड आधी, लांब नंतर अशा ओळीने परत खोचल्या. "बघा, कसं चकाचक केलं!" झालं! मोठ्या माणसाच्या औषधाची चिठ्ठी तिसऱ्या टेबलावर छापली गेली आणि बाळाच्या बाटलीवर चिकटली. नशीब, बाटली बाहेर जाण्याआधी मावशींनी ती चिठ्ठी वाचली.

मालक भयंकर तापले. "तुमच्या प्रोग्रामनेच घोळ घातला!"

"मला फक्त याच्या नोंदी बघू द्या," ताई काकुळतीने म्हणाली.

"आता कशाला हात लावायचा नाही!"

माझ्याकडे सगळी नोंद होती हो! सव्वानऊला सहाही वायरी निघाल्या, सात मिनिटांनी वेगळ्याच खाचांत बसल्या. पण मला तोंड कुठे आहे? ताईने पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आता माझ्या जागी नवं यंत्र आहे. मी खणात, वायरींच्या गुंत्यात पडून असतो. खण उघडला की वाटतं, ताई आली! मावशी कात्री काढतात आणि खण बंद होतो. परवा त्याच कोणाला तरी सांगत होत्या, "ताई भेटली होती गं. संगणकाचं काम सोडलं तिने. म्हणते, माझ्या हातून बाळाचा जीव गेला असता." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या. पण कोणाला दोष देण्याआधी नीट बघत जा, आणि मला टाकण्याआधी एकदा वीज जोडून ती नोंद वाचा. मग ताईला फोन करा. तिने परत यावं असं मला फार वाटतं, पण ते राहू द्या. तिची चूक नव्हती, एवढं तिला सांगा.