हिंदमाताच्या क्लासमधली थांबलेली भाषा

मित्रांनो, मी एक जुनी भाषा आहे. माणसांनी बोलायची नव्हे, संगणकाला काम सांगायची. परदेशातल्या काही शिक्षकांनी मला शिकवण्यासाठीच घडवलं. पुष्कळ भाषांची कामाची एकच ठरलेली तऱ्हा असते. मला अनेक येतात. एकेक पायरी सांगा, नुसता नियम सांगा, नाहीतर काम चौघांत वाटून द्या.

मुंबईत हिंदमाताला, साड्यांच्या दुकानाच्या वर शामरावांचा क्लास होता. तिथे शिकवणाऱ्या कमलताईंनी मला आणलं. ताई नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. चौघांत वाटलेलं काम शिकवताना त्या लहानपणचं सांगत.

"संयुक्त महाराष्ट्राचा लढा चालू होता. संचारबंदी लागली आणि बाबा गिरणीतून आलेच नाहीत. खाली उतरायची सोय नाही. मग या इमारतीच्या खिडकीतून त्या इमारतीच्या खिडकीत ओरडून विचारायचं, 'राजाराम दिसला का?' आई भाकऱ्या थापत राहिली. शेजारीण पाणी भरत राहिली. थांबलं होतं ते फक्त बाबांचं ताट. ज्याला उत्तर हवं त्यानंच थांबायचं. बाकीच्यांनी काम सोडायचं नाही. या भाषेला ते जमतं."

"मग बाबा आले का, ताई?" शैला नावाच्या मुलीनं विचारलं.

"आले की. दुसऱ्या दिवशी. एका चपलेवर!"

एका मे महिन्यात शामराव म्हणाले, "ताई, हिच्यावर नोकरी लागत नाही. जूनपासून ही बंद."

"आधी या पोरीचं काम तर बघा," ताई म्हणाल्या.

शैलानं माझ्यात एक खानावळ लिहून मांडली होती, आचारी, वाढपी, सगळे आपापलं काम करणारे. तिनं ती सुरू केली. पडद्यावर काहीच हललं नाही.

शामराव हसले. "बघा, बंद पडली तुमची भाषा!"

माझी नुसती तगमग होत होती. मला काही सांगता येईना. शैलानं कागदावर एकमेकांकडे रोखलेले दोन बाण काढले आणि त्यांवरून बोट फिरवलं.

"बंद नाही पडली, सर. आचारी ताट आल्याशिवाय भाजी देत नाही आणि वाढपी भाजी आल्याशिवाय ताट मांडत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघतायत. पहिलं कोणी हलायचं ते मीच सांगितलं नाही."

तिनं एक ओळ बदलली. मी धावत सुटले.

"हुशार आहेस गं," शामराव म्हणाले. "पण नोकरीच्या जाहिरातीत हिचं नाव दाखव."

 

जूनमध्ये शामरावांनी शैलालाच मला काढायला बसवलं. नऊ संगणकांतून तिनं मला काढलं. खिडकीजवळच्या दहाव्यापाशी मात्र ती उठली. शामराव स्वतः बसले. "कशी काढायची गं ही?"

"मला कुठे माहीत, सर?"

मी वाचले, ती अशी.

दोन वर्षांनी कमलताई गेल्या. त्यांची खुर्ची कुणी हलवली नाही, पण तिच्यावर कुणी बसतही नाही. शैला नोकरीला लागली, दुसऱ्याच भाषेत. मला कधी कोणी चुकून उघडतं, थांबलेली पाहतं आणि सरळ वीज बंद करतं. हातातलं काम तुटतं. पुन्हा पहिल्यापासून.

मित्रांनो, असं करू नका. गप्प झालेल्याला लगेच बिघडलेला म्हणू नका. जरा जवळ बसा आणि तो कशाची वाट बघतोय ते शोधा. मला तर बहुतेक वेळा एकच शब्द हवा असतो, आणि तो तुम्हीच लिहायचा राहिलेला असतो.