भिंतीचं पान

माघातल्या शुक्रवारी, दुपार कलंडताना, त्या खाडीकाठचा उजेड हळदुवा होतो. वालाची शेतं, मोहरलेले आंबे, ओहोटीने उघडा टाकलेला ओला चिखल, साऱ्यांवरून तो सावकाश ओसरत जातो आणि सरतेशेवटी सिनेगॉगच्या निळ्या-तांबड्या तावदानांतून आत उतरतो. रंग फरशीवर सांडतात. ते पाहायला त्या शुक्रवारी आत एकच माणूस होता, आणि त्याला ते दिसत नव्हते.

हनोखकाका वाकरूळकर. वय शहात्तर. बेने इस्राएल ज्यूंच्या त्या विरत चाललेल्या वस्तीचे हझ्झान. प्रार्थना चालवणारे, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तोरा हे पाच ग्रंथांचं धर्मशास्त्र वाचणारे. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो कधी फिरला नाही, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. घाणा गेला, तेल गेलं, पोरं इस्रायलला गेली. शनिवार तेवढा राहिला.

गेल्या पावसाळ्यात डोळ्यांतला प्रकाश गेला. आधी अक्षरांच्या कडा विरल्या, मग ओळी विरल्या, मग माणसांचे चेहरे विरले. जरा धूसर दिसतं, एवढंच ते लोकांना सांगत. खरं काय ते त्यांनी बायकोला, शेगुलाबाईला सांगितलं असतं, आणि ती चार वर्षांपूर्वीच टेकडीवरच्या कबरस्तानात जाऊन निजली होती.

तोरा पाठ म्हणून चालत नाही. चर्मपत्रावरच्या काळ्याभोर शाईवर नजर टेकवून, शब्द शब्द पाहून वाचावी लागते. न पाहता म्हटलेलं ते वाचनच नव्हे, असा दंडक. हनोखकाकांना पाचही ग्रंथ मुखोद्गत होते, आणि तेच त्यांचं पाप झालं होतं. सात महिने ते चांदीची कांडी, टोकाला इवलं बोट असलेली ती वाचनाची कांडी, अंधारावरून फिरवत होते आणि पाठ म्हणत होते. लोक आमेन म्हणत होते.

सणासुदीनंतर शहरातल्या मंडळाचे दोघे येऊन गेले. जिथे वाचणारा उरला नाही तिथली तोरेची गुंडाळी शहरात न्यायची आणि दाराला कुलूप घालायचं, असं ठरलंय म्हणाले. मग त्यांनी अदबीने विचारलं, ‘दिसतं ना, काका?’

‘दिसतं,’ हनोखकाका म्हणाले.

साठ वर्षं त्या गळ्यातून देवाचे शब्द गेले होते. हा एक शब्द मात्र त्यांचा स्वतःचा होता, आणि तो खोटा होता.

तर त्या शुक्रवारी, सूर्य बुडायच्या आत, ते उद्याची जागा लावत होते. मधोमधच्या उंच चौथऱ्यावरच्या मेजावर गुंडाळी उलगडलेली. चर्मपत्राला उघडं बोट लावायचं नाही. शाई बोटांना कळली असती कदाचित, पण लावायचं नाही. म्हणून बोटांवर मलमलीचा रुमाल घेऊन ते शिवणी मोजत. कातड्याला कातडं तातीने शिवलेलं असतं. शिवण आली की एक कातडं सरलं. एक शिवण, एक श्वास. दुसरी शिवण, दुसरा श्वास. इतके शनिवार त्यांनी असेच शोधले होते, काळोखात भिंत चाचपत न्हाणीघर शोधावं तसे.

उद्याचा पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा पाठ, साधा नव्हता. मिसरच्या दास्यातून सुटलेल्यांपुढे समुद्र दुभंगला, तिथलं गीत उद्या यायचं होतं. त्या गीताचं पान साऱ्या तोरेत वेगळं. एरवी अक्षरांचे खांब कसे दाट, गच्च. इथे मात्र शब्दांचे तुकडे आणि मोकळ्या जागा आळीपाळीने. एका ओळीतल्या फटीवर दुसऱ्या ओळीचा शब्द बसलेला, विटेच्या सांध्यावर वीट बसवावी तसा. वाचता न येणाऱ्यालाही ते ओळखू यावं. वस्तीतली माणसं त्याला भिंतीचं पान म्हणत.

तिथे समुद्राने वाट दिली. इथे, याच किनाऱ्यावर, समुद्राने पूर्वजांचं गलबत फोडलं आणि मूठभर माणसं वाळूवर टाकली. हनोखकाकांना दरवर्षी त्या गीताशी हे आठवे. यंदा ते आठवताना मोजणीवरचं लक्ष उडालं. रुमालाखाली एक टाका लागला. त्यांनी ती शिवण मोजली.

ती शिवण नव्हती. आजोबांच्या काळी ते कातडं जरासं फाटलं होतं आणि जाणकार लेखनिकाने ते टाके घालून सांधलं होतं. हनोखकाकांना हे ठाऊक होतं, साऱ्या वस्तीत त्यांनाच ठाऊक होतं, आणि नेमके तेच विसरले. एक कातडं अलीकडे थांबून त्यांनी गुंडाळी बांधली, हेखालात, म्हणजे तोरेच्या पवित्र कपाटात ठेवली, पडदा ओढला. खोबरेल तेलाचे दिवे लागले. सूर्य बुडाला. शब्बाथ आला, आणि हनोखकाका रात्रभर कुशी बदलत राहिले.

सकाळी दहा पुरुष भरले. दहाच. दहा भरल्याशिवाय वाचनासाठी तोरा कपाटाबाहेर निघत नाही, आणि शब्बाथला वाहनात बसायचं नाही, म्हणून दहावा खाडीच्या बांधावरून दोन कोस चालत आला होता. जाळीआड सहा बायका. गुंडाळी निघाली, लोकांनी तिच्या मखमलीला हात लावून ओठांना लावला, पाठ सुरू झाला. पहिली पाळी, दुसरी, तिसरी. कांडी फिरत होती, गळा गात होता.

चौथ्या पाळीला गीत येतं. त्या पाळीला वाचणाऱ्याशेजारी उभं राहायचा मान एलोजी किल्लेकराचा, वर्षानुवर्षं. एलोजी गवंडी. हिब्रूचं एक अक्षर त्याला येत नसे. पण लहानपणी ते पान पाहिलं आणि तेव्हाच विटा रचायचं ठरवलं, असं तो सगळ्यांना ऐकवी. वर्षभर तो त्या एका पानाची वाट पाही. यंदाही तो नवा सदरा घालून हनोखकाकांच्या उजव्या हाताला उभा राहिला.

गीत आलं. सगळे उठले. हनोखकाकांनी पहिला चरण उचलला, आणि एलोजीने पानावर पाहिलं. कांडीखाली दाट काळा खांब होता. एक फट नव्हती, एक वीट नव्हती.

त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. आणि अगदी हळू, कानाशी, म्हणाला, ‘काका, हितं भिंत नाय.’

गळा थांबला.

जागा चुकली, पुढे सरकव, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटं जिभेवर तयार होतं. सात महिन्यांत त्याला तिथे राहायची सवय झाली होती. बाहेर लाटांची गाज ऐकू येत होती. हनोखकाकांच्या मनात आलं, आता बोललो तर हे दार बंद होईल. हे दहा जण पुन्हा कुठेच भरणार नाहीत. तरी ते सर्वांना ऐकू जाईल असं बोलले.

‘मला दिसत नाही, एलोजी. पावसाळ्यापासून काहीच दिसत नाही. मी पाठ म्हणतोय.’

खाडीपलीकडून आलेला तो माणूस चिखलाने माखलेल्या आपल्या पायांकडे पाहत राहिला. जाळीआड एका बाईने पदर तोंडावर दाबला.

मग एलोजीने गुंडाळीच्या लाकडी मुठी धरल्या आणि फिरवल्या. एक कातडं सरलं. भिंत आली. काळी वीट, पांढरी फट, काळी वीट, पांढरी फट. त्याने हनोखकाकांचा कांडीसकट हात आपल्या खडबडीत मुठीत घेतला आणि पहिल्या विटेवर ठेवला.

‘म्हना, काका. येक येक वीट मी दावतो.’

एकाला डोळे होते, अक्षरं नव्हती. दुसऱ्याला अक्षरं होती, डोळे नव्हते. चरण सरला की हात सरके. हात सरकला की चरण उठे. असं ते गीत त्या दोघांनी मिळून चढवलं, विटेवर वीट, थरावर थर. याला वाचन म्हणायचं की नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. असले प्रश्न ते आजवर हनोखकाकांनाच विचारत आले होते.

शेवटची वीट आली. तिच्यावर चांदीचं बोट टेकलं. पलीकडे पुन्हा दाट खांब सुरू होत होता, फटीविना, विटांविना, आणि त्यामागे वर्षभराचे सारे खांब तसेच. एलोजीला तो खांब दिसला. त्याची मूठ जागची हलली नाही.

‘पुढं?’ हनोखकाकांनी विचारलं.

त्या गीताला उभं राहायचं असतं आणि ते संपलं की बसायचं असतं. गीत संपलं होतं. तावदानांचे रंग फरशीवरून सरकत होते, बाहेर भरती चढत होती, पाणी बांधाला लागत होतं. दहापैकी कुणीही बसलं नाही.