पेढ्यांची वाट पाहणारा ठोकळा

मित्रांनो, सपाट दिसणारा लोखंडाचा तुकडा खिडकीसमोर धरा आणि त्याच्या अंगाला गुण्या लावून पाहा. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे पोलादी हत्यार. दोघांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली, तर तुकडा अजून सपाट झालेला नाही. रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल, तर घासणाऱ्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा जड पडतो आहे. उजेड पुरता बुजला, की काम झाले.

मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. माझ्या अंगावर ती रेघ कितीदा तरी उमटली आणि बुजली. म्हणून आज मी मूळचा निम्माही उरलेलो नाही.

नागपूरच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत १९७३ साली मला लांब सळईतून करवतीने कापले आणि रविंद्रसमोर ठेवले. तो फिटरचे काम शिकायला आला होता. त्याची आई कांताबाई संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायची. रविंद्रने कानस हातात घेतली आणि सगळा जोर लावून मला घासू लागला.

"काहून दाबून राहिला गा?" त्याचे शिक्षक मनोहरराव मागून म्हणाले. "कानशीले तिचं काम करू दे. तू फक्त सरळ चाल."

त्याच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. मग एका दुपारी मनोहररावांनी मला गुण्या लावून खिडकीसमोर धरले. ते बराच वेळ पाहत राहिले. उजेड कुठूनच येत नव्हता.

त्या कार्यशाळेत एक रीत होती. मुलगा परीक्षा पास झाला, की त्याच्या नावाचे पहिले अक्षर ठोकळ्यावर ठशाने ठोकायचे आणि ठोकळा कपाटात ठेवायचा. नोकरी लागली, की मुलाने पेढे घेऊन यायचे आणि आपला ठोकळा घरी न्यायचा. पूर्वी म्हणे दिवाळीपर्यंत कपाट रिकामे व्हायचे. माझ्या अंगावर 'र' उमटला, तेव्हा मात्र मला कपाटात दाटीवाटीनेच बसावे लागले.

रविंद्र हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून गेला. तिथे त्याच्या कामाची तारीफ झाली. पण उमेदवाराला शिकवा, असे कायदा कारखान्याला सांगत होता. शिकल्यावर ठेवून घ्या, असे सांगत नव्हता. मुदत संपली आणि त्याच्या जागी पुढचा उमेदवार उभा राहिला. आधी शिकलेली मुले तशीच परतत होती, नवी मुले शिकतच होती.

मग रविंद्र दर शनिवारी कार्यशाळेत येऊ लागला. हात मऊ पडू नये म्हणून एखादा भंगाराचा तुकडा घासायचा. गंज चढू नये म्हणून मला तेलाचे बोट लावायचा. जाताना विचारायचा, "सर, कुठं जागा निघून राहिली का?"

"निघन गा. तू हात सोडू नको," मनोहरराव म्हणायचे.

काही वर्षांनी वरून हुकूम आला. मुलांच्या जागा दुप्पट झाल्या, लोखंड मात्र तेवढेच राहिले. कपाटातले जुने ठोकळे नव्या मुलांना द्यावेत, असे ठरले. सामानाच्या खोलीवरचे कवडूजी रोज येऊन एकेक ठोकळा नेऊ लागले. घासताना सर्वांत आधी अक्षरच जाते, हे मी कपाटातून पाहिले. मनोहररावांनी मला मागच्या कोपऱ्यात सरकवले.

कवडूजींच्या नजरेतून ते सुटले नाही. "सर, या एकट्याले काय पेन्शन लावून देता का?"

"राहू द्या हो. रविंद्रचं नोकरीचं बोलावणं येऊन राहिलं."

"किती दिवसापासून येऊन राहिलं ते," कवडूजी म्हणाले आणि हसले. मनोहरराव हसले नाहीत.

मित्रांनो, लोखंडाला तेल लावून ठेवता येते. शिकलेल्या हाताला तसे ठेवता येत नाही, त्याला रोजचे काम लागते. कुणाला शिकवाल, तर शिकून तो जाणार कुठे, हेही आधी पाहा. एवढेच माझे मागणे आहे.

एका शुक्रवारी रविंद्रची आई कांताबाई आल्या. हातांना संत्र्याच्या सालीचा वास होता. त्यांनी मला उचलून पाहिले. "हाच का तो? मले वाटलं, काही मोठं असन." मग मला खाली ठेवून म्हणाल्या, "सर, जरीपटका बाजारातले भैय्याजी त्यांच्या कापडाच्या दुकानात रविंद्रले ठेवतो म्हणतात. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरा पाहतीन. मी सांगून थकली. तुम्ही म्हणसान तवाच तो ऐकन."

दुसऱ्या दिवशी रविंद्र नेहमीसारखा आला. त्याने मला तेल लावले, गुण्या लावला, खिडकीसमोर धरले. उजेड अजूनही येत नव्हता. मनोहरराव शेजारी उभे होते.

"रविंद्र, हा ठोकळा घरी घेऊन जा," ते म्हणाले.

रविंद्रने मान वर केली. "जागा निघाली सर?"

मनोहररावांनी नकारार्थी मान हलवली. कार्यशाळेत नव्या मुलांच्या कानशी चालू होत्या. रविंद्रने मला हातात एकदा फिरवले, 'र' वरून अंगठा नेला आणि मला बाकावर, नव्या मुलांच्या सामानाशेजारी ठेवले.

"पेढ्यांबिगर कसा नेऊ सर? कवडूजीले द्या, नव्या पोराच्या कामी येईन. मी सोमवारपासून भैय्याजीच्या दुकानात बसतो."