सहा वेळा फुटलेली बरणी

मी एक चिनी मातीची बरणी बोलतेय. नुसती नावाची चिनी नाही, खरोखर चीनची. पोटावर निळी कमळं आहेत आणि बुडाखाली एक जुनाट दिसणारा शिक्का. तो शिक्का खोटा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको.

माझं बोलणं जरा तिखट वाटेल. ते मी मुलुंडच्या जानकी परबकडून उचललंय. बाई चौथी शिकलेली, पण तोंड उघडलं की वकील गप्प बसेल.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीतून निघाल्यावर आम्हाला चहाच्या पाण्यात बुडवायचे, वर माती चोळायचे, आणि तीन दिवसांत आम्ही दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्या व्हायचो. खोकी भरणाऱ्या बाया हातातलं काम टाकून मोबाईल बघायच्या आणि खिदळायच्या. नकली मालाला त्यांच्या मोबाईलवर एक शब्द होता, ‘शानजाय’. म्हणजे डोंगरातली दरोडेखोरांची गढी. सरकारचा हात पोचत नाही तिथला माल! आणि मुद्दाम कुणाला धडकून भरपाई उकळणं म्हणजे ‘फंग-त्स’, चिनी मातीला धडक. पूर्वी म्हणे लबाड लोक तडा गेलेलं भांडं घेऊन गर्दीत शिरायचे, कुणाचा तरी धक्का लागू द्यायचे आणि भांडं फुटलं की गळा काढायचे. आता माणूस स्वतःच गाडीपुढे आडवा होतो, पण नाव तेच राहिलंय.

मी ऐकून हसायचे. ते नाव माझ्याच कपाळी लिहिलंय, हे मला काय ठाऊक!

बोटीतून मुंबईला आले आणि घाटकोपरच्या एका हातगाडीवरून चंद्रप्रकाशने मला उचललं. मानखुर्दला राहणारा, तिशीतला, चेहरा गोड आणि अंगात आळस. त्यानेही मोबाईलवर तीच धडकेची लबाडी बघितली होती. जगात कुठेही लबाडी निघू दे, चहा गार व्हायच्या आत मानखुर्दला पोचते.

पहिल्यांदा फुटले तेव्हा वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! घरी नेऊन त्याने मला गोंदाने जोडलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. त्याचा एक नेम होता. निवांत माणसाला धडकायचं नाही. निवांत माणूस भांडतो, घाईतला माणूस पैसे काढतो. अंधेरीला फुटले, बोरिवलीला फुटले, घाटकोपरला दोनदा फुटले. पार्ल्याला एक मधुकरराव नावाचे गृहस्थ भेटले. त्यांनी पैसे तर दिलेच, वर तीनदा माफी मागितली. मला इतकी लाज वाटली की तुकडे तुकडे झाले नसते तर तोंड लपवलं असतं.

सहाव्यांदा मुलुंडला. सकाळचे पावणेनऊ वाजत आले होते. रुचिरा नावाची मुलगी हातात हॉलतिकीट धरून धावत येत होती. चंद्रप्रकाश आडवा झाला. मी खाली, आणि खळ्ळ!

‘‘माझ्या आईची बरणी!’’ त्याने डोळ्यांत पाणी आणलं. ‘‘वीस वर्षं ह्यातलं लोणचं खाल्लं. आई गेली, ही एवढी उरली होती. चार हजार ठेव, नाहीतर चल पोलिसात.’’

‘‘दादा, नऊला गेट बंद होतं हो,’’ मुलगी रडकुंडीला आली. ‘‘नर्सची सरकारी परीक्षा आहे. वयाचं बघितलं तर हीच शेवटची. संध्याकाळी देते ना.’’

‘‘संध्याकाळी तू कुठे आणि मी कुठे? कानातले आहेत की.’’

पोरीचा हात कानाकडे गेला. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून आवाज आला, ‘‘हात खाली घे गो!’’

ही जानकी. दुकानात कोकम, कुळथाचं पीठ, लोणची आणि विकायला बरण्या. हात पदराला पुसत ती आली आणि खाली बसून तिने माझा एक तुकडा नाकाला लावला. आजवर मला असं कुणी हुंगलं नव्हतं.

‘‘वीस वर्षं लोणचं घातलंस?’’

‘‘हो, मावशी. कैरीचं.’’

‘‘अरे मेल्या, लोणच्याची बरणी सोड्याने धू, राखेने घास, उन्हात वाळव, मोहरीचा वास मरेस्तोवर सोडत नाही. हिला फक्त गोंदाचा वास येतोय. आणि हे बघ.’’ तिने तुकड्याची कड वर धरली. ‘‘आत्ता फुटली ना? मग कड पांढरीशुभ्र हवी. ही पिवळी कशी? किती वेळा फोडलीस?’’

जमलेली माणसं वाकून बघायला लागली. चंद्रप्रकाश म्हणाला, ‘‘मावशी, मेलेल्या आईची शपथ...’’

आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. जानकीने खसकन ओढून घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘आई’.

‘‘चंदू, येताना कोथिंबीर आण रे!’’ तिने स्पीकर लावताच आवाज आला.

‘‘चंदू इथे तुमच्या बरणीसाठी रडतोय,’’ जानकी म्हणाली.

‘‘कसली बरणी? आमच्याकडे सगळे प्लास्टिकचे डबे!’’

लोक असे हसले की रिक्षावाला धाकूसुद्धा खाली उतरून बघायला आला. जानकी त्याच्यावरच ओरडली, ‘‘दात काय काढतोस? पोरीला बसव, नऊच्या आत गेटवर पोचव. भाडं हा चंदू देईल!’’

रिक्षा गेली. दोघांनी चंद्रप्रकाशची कॉलर धरली, पण जानकी मध्ये पडली. ‘‘मारू नका. फुकट मार खाऊन सुटेल. बस इथे. जोडता येतं ना तुला? जोड सगळ्यांसमोर.’’

तो फुटपाथवर बसून मला जोडत होता आणि जाणारेयेणारे बघत होते. तेवढ्यात धाकू परत आला. ‘‘काकी, दोन मिनिटं राखून गेली आत!’’ जानकीने त्याच्या हातावर आवळ्याची फोड ठेवली. चंद्रप्रकाश सुधारला का, विचारू नका. मुलुंडला मात्र पुन्हा दिसला नाही.

मला वाटलं, आता तरी लोणचं भरतील. जन्मात एकदा मोहरीचा वास अंगाला लागावा एवढीच हौस होती. जानकीने साफ सांगितलं, ‘‘तुझ्यातून तेल गळेल गं बये.’’ वाईट वाटलं. पण तिने मला फेकलं नाही, नव्या बरण्यांच्या रांगेत पहिली उभी केली. गिऱ्हाईक बरणी घ्यायला आलं की म्हणते, ‘‘आधी हिला टिचकी मार, मग घ्यायची तिला मार.’’ नवी म्हणते टण्ण. मी म्हणते बद्द.

परवा रुचिरा आली, नर्सच्या गणवेशात, लोणचं न्यायला. तिनेही मला टिचकी मारली आणि हसली. जानकी तिला लोणचं काढून देत होती. पळीवरचा खार माझ्या काठावर ओघळला आणि तिने तो पुसला नाही.

दोनशे वर्षांची म्हणून मी विकले गेले, जित्याजागत्या आईची शेवटची आठवण म्हणून फुटले. आता कुणी टिचकी मारून विचारलं की लगेच सांगते, फुटलेली आहे. मुलुंडला याल तेव्हा तुम्हीही मारून बघा, घाईत असलात तरी. घाईत असलात तर नक्कीच.